वयनीनं गाळलेलं नाव

मी तिच्यावर जळत होते. आधीच सांगून टाकते, म्हणजे म्हातारी गोल गोल बोलते असं कोणी म्हणायला नको. ती माझी वयनी, माझ्या एकुलत्या एका भावाची बायको, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिने माझं काही हिसकावलं नव्हतं, कधी वाकडा शब्द बोलली नव्हती. तरी ती समोर आली की माझ्या पोटात दुखायचं. हे दुखणं इंग्रजी व्याकरणावरून सुरू झालं असं सांगितलं की माझ्या नातवंडांना हसू येतं. हसू दे बापा.

आमचं गाव कुरखेड्याहून पाच कोस आत. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला जंगल. पन्नास सालानंतर गावात मिडल स्कूल निघालं आणि पाचवीपासून इंग्रजी सुरू झालं. वर्गात सारे पोट्टेच, आणि त्यांच्यात मी एकटी पोट्टी. माझ्या बरोबरीच्या पोरी चौथीनंतर धानाच्या रोवणीला जायच्या नाहीतर घरी लेकरं सांभाळायच्या. माझ्या बाबांना मात्र हौस होती. 'माझी लेक साहेबासारखी बोलन,' असं ते चावडीवर सांगत, आणि आई कपाळावर हात मारून घेई.

मास्तर भंडाऱ्याकडचे. सामान्यनाम आणि विशेषनाम त्यांनी आम्हाला फळ्यावर शिकवलं नाही, शाळेच्या दारात उभं राहून शिकवलं. बाया घागरी घेऊन विहिरीवर चालल्या होत्या. मास्तर मोठ्यानं ओरडले, "ओ बाई!" साऱ्याजणींनी माना वळवून पाहिलं. मास्तर आमच्याकडे वळले. "हे कॉमन नाऊन." मग त्यांनी आमच्या शेजारच्या काकूला नावानं हाक मारली. बाकीच्या चालत राहिल्या आणि काकू तेवढी थांबली.

"काय झालं जी मास्तर?"

"काई नाई काकू, जा तुम्ही. हे झालं प्रॉपर नाऊन. हाक मारली की एकच माणूस थांबते. इंग्रजीत त्याचं पहिलं अक्षर मोठं काढा लागते."

काकू चार दिवस मास्तरांना शिव्या घालत होती, पण माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं. मला फार आवडलं ते. आमच्या घरात हाक मारल्यावर थांबणारी मी एकच होते ना. भाऊ आलापल्लीला लाकडाच्या डेपोत कामाला, होळी-दिवाळीला यायचा. संध्याकाळी पटवारी, नाकेदार कोणीतरी ओसरीवर बसलेलं असायचं. नाकेदार म्हणजे जंगलाचा रखवालदार, बडबड्या माणूस. बाबा मला बोलवत. "माय, सांग बरं इंग्रजी." मी फ्रॉकची झालर ओढत उभी राहायचे आणि सुरू व्हायचे. रिव्हर कॉमन, वैनगंगा प्रॉपर. टाऊन कॉमन, चांदा प्रॉपर. टायगर कॉमन.

"अन् आमच्या नाल्यावरचा लंगडा वाघ?" नाकेदार विचारायचा.

मला ते काही सांगता यायचं नाही, पण तोवर सारे हसत सुटलेले असायचे आणि बाबांची छाती फुगलेली असायची. असे माझे दिवस होते.

मग वयनी आली. मी तेव्हा सातवीत. ती चिमूरची. तिचे बाबा बेचाळीसच्या गडबडीत जेलात गेले होते, आणि तिथे दुसऱ्या कैद्यांकडून इंग्रजी शिकून आले होते. सुटून आल्यावर त्यांनी लेकीला शिकवलं. लग्नाच्या आदल्या वर्षी ते वारले. तिच्या पेटीत चार लुगडी, एक फणी-आरसा आणि तळाशी इंग्रजीचं रीडर होतं. आमच्या शाळेत चालायचं तेच, फक्त तिच्या पुस्तकाला पुठ्ठा नव्हता. मी ते पाहिलं, आणि मला आत काहीतरी टोचलं. पेटीचं झाकण मी जरा जोरातच लावलं.

पहिला चटका बसला तो ओसरीवर, चार लोकांत. नाकेदार म्हणाला, "पोरी, भाऊ आलापल्लीले आहे ना तुवा? मंग आलापल्ली लिहून दाखव इंग्रजीत." मी पाटीवर झपझप लिहिलं. नाकेदाराला काय कळणार? 'वा वा' म्हणाला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दाराआडून वयनी आईच्या कानाशी लागली. ती सासऱ्यासमोर बोलायची नाही. पण आमच्या आईच्या पोटात काही राहत नसे.

"अवो, सून म्हणते पहिलं अक्षर मोठं पाह्यजे मनून!"

मी पाटी पाहिली. खरंच बारीक अक्षर काढलं होतं. ज्याची फुशारकी मारत होते तेच चुकलं. बाबांनी पाटी हातात घेतली आणि दाराकडे पाहून म्हणाले, "सूनबाईले येते इंग्रजी? अन् आमाले पत्ताच नाई!" त्यांचा चेहरा असा काही खुलला की बस. तो चेहरा माझा होता. माझ्यासाठी ठेवलेला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या दिवसापासून सारं उलटं झालं. मी अडखळले की बाबा म्हणायचे, "जा, वयनीले विचार." नाही अडखळले तरी म्हणायचे, "एक डाव वयनीले दाखव." आई म्हणायची, "किती शांतपणे सांगते पाह्य, नाईतं तू, सदा नाकावर राग." वयनी धान कांडता कांडता माझा धडा घ्यायची. मुसळ वर गेलं की प्रश्न, खाली आलं की उत्तर. मला येत असलं तरी मी मुद्दाम सांगायचे नाही. मग तीच सांगायची, हळू, मला लाज वाटू नये अशा बेतानं. तो हळूपणाच मला झोंबायचा. तिनं एकदा तरी खेकसावं, म्हणजे मलाही खेकसता येईल, असं मला वाटायचं.

चैत्रात मोह वेचायला जायचं. पहाटे फुलं पडतात, उशीर केला की गुरं खाऊन जातात. आमच्याकडे प्रत्येक घराची मोहाची झाडं ठरलेली, आणि झाडांना नावं असायची. आमची तीन होती. त्यातलं एक खूप फुलं द्यायचं, तिला आम्ही दुभती म्हणायचो. एकीचा शेंडा विजेनं गेला होता, ती बोडखी. वयनी पहिल्यांदाच आली होती. टोपली भरता भरता ती थांबली, काडी घेतली आणि मातीत इंग्रजी अक्षरं काढली.

"बाई, पाहा ना. झाड मनलं तं कॉमन. पण तुमची दुभती? हिचं पहिलं अक्षर मोठं काढा लागन, नाई का? नाकेदार वाघाचं विचारतात तेबी तसंच. साऱ्या गावानं एकाच वाघाचं नाव पाडलं तं ते मोठ्या अक्षरानं."

नणंद म्हणून ती मला बाई म्हणायची, मी लहान असले तरी. मी मातीतल्या अक्षरांकडे पाहत राहिले. माझी झाडं. माझ्या जन्माआधीपासूनची आमची झाडं, आणि मला हे कधी सुचलं नाही. ही कालची आलेली! मी फुलं वेचायच्या मिषानं त्या अक्षरांवरून पाय फिरवला. तिनं पाहिलं आणि पुन्हा फुलं वेचायला लागली. घरी आल्यावर मी तिचं रीडर उचललं आणि धानाच्या कणगीत खोल खुपसून ठेवलं. तीन दिवस वाट पाहिली की ती शोधेल, रडेल, आईला सांगेल. ती मुसळ घेऊन कांडत बसली आणि धड्यांमागून धडे तोंडानं म्हणत राहिली. चौथ्या दिवशी मीच पुस्तक काढून तिच्या पेटीवर ठेवलं.

"अव माय, सापडलं! मले वाटलं उंदरानं नेलं," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहून हसली. तिला कळलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला, आणि राग आणखीच वाढला.

आता त्या पुस्तकातली एक गोष्ट सांगायला हवी. रीडरमध्ये पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच पोरगा होता. त्याची गाय, त्याचं शेत, त्याची शाळा. त्या पोराचं नाव आणि माझ्या भावाचं नाव एकच. ते काय होतं ते मी इथे सांगत नाही, वयनीनं जे आयुष्यभर पाळलं ते मी कशाला मोडू? आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसे. सासऱ्याचंही नाही. शेजारच्या त्या काकूच्या सासऱ्याचं नाव एका वारावरून होतं, तर ती तो वार कधी बोलली नाही, 'बुधवारच्या उद्या' म्हणायची. आणि यात कोणाचं अडत नसे, कारण नाव सांगायला सोबत कोणीतरी असायचंच. लेकरू, नणंद, शेजारीण, कोणीही. एकदा वयनीला ताप आला म्हणून आम्ही दवाखान्यात गेलो. कंपाउंडरनं विचारलं, "नवऱ्याचं नाव?" वयनीनं माझ्या कोपराला कोपर लावलं. मी पटकन सांगितलं, त्यानं लिहून घेतलं. त्याला कोणी उपकार म्हणत नाही. बाजूच्या माणसाच्या हातातली घागर धरावी तसं ते असतं, धरायची असते म्हणून धरतो.

त्यामुळे वयनी रीडर मोठ्यानं वाचायला लागली की मी जवळ लागायचे. ती वाचायची, "दिस इज," आणि थांबायची. मी नाव म्हणायचे. मग ती पुढे, "ही हॅज अ काऊ." अशी जोडीनं पानंच्या पानं जायची. मी घरात नसले तर ती नावाच्या जागी 'बॉय' म्हणून घ्यायची. "दिस इज बॉय. बॉय हॅज अ काऊ." पहिल्यांदा ते ऐकून मी इतकी हसले की ठसका लागला, तीही हसली, पदर तोंडात कोंबून. आणि खोटं कशाला बोलू, ते वाचन मला आवडायचं. तेवढ्यापुरती ती माझ्यावाचून अडायची. मी कधी कधी मुद्दाम उशीर करायचे. ती मान वर करून माझ्याकडे पाहत थांबायची, आणि मग मी म्हणायचे.

मी सातवी पास झाले त्या उन्हाळ्यात मास्तर ओसरीवर येऊन बसले. चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, बायांना मास्तरीण करायची शाळा होती. दोन वर्षं तिथेच राहायचं, मग खेड्यात पोरींना शिकवायला जायचं. कुमारी चालेल, लग्न झालेली चालेल. थोडं इंग्रजी येणारी असली तर आधी. तिथल्या मोठ्या बाई स्वतः गावोगाव फिरून मुली निवडत होत्या. आमच्या भागातून एकच घेणार होत्या.

"आपल्या गावातनं दोघीच आहेत जी दाखवासारख्या," मास्तर बाबांना म्हणाले. "अन् दोघीबी तुमच्याच घरच्या."

मला वाटलं बाबा म्हणतील, लेक जाईल. बाबा म्हणाले, "दोघीबी बसू द्या. जिले भेटन ते जाईन." भावाचंही पत्र आलं की त्याची ना नाही. आई कुरकुरली, पण तिचं कोण ऐकतो.

त्या आठवड्यात वयनीचं जेवणावर लक्ष नव्हतं. भात कालवायची आणि तसाच ठेवायची. एकदा पत्रावळी लावता लावता ती मला म्हणाली, "बाई, माझे बाबा मनत, तू मास्तरीण होशीन. मले जाच लागते पाहा. हे वर्ष गेलं तं गेलं. मंग लेकरं होतात, मंग सुनेले कोण सोडते? तुमचं तं अजून लगनबी नाई. तुमाले पुढच्या सालीबी जाता येईन."

तिनं सरळ मनानं सांगितलं होतं. मला काय ऐकू आलं? तू थांब, मी जाते. मी पळसाच्या पानात काडी इतक्या जोरानं खुपसली की पान फाटलं. मनात म्हटलं, बरी आहे! बाबा घेतले, ओसरी घेतली, आता चांदाही घ्या.

बाई आल्या त्या दिवशी उन्हाळ्याच्या सुट्टीमुळे शाळा रिकामीच होती. पांढरं पातळ, चष्मा, पुण्याकडचं बोलणं. मास्तर आत येऊ लागले तर म्हणाल्या, "तुम्ही बाहेर थांबा. मला कोणी सुचवलेलं नको आहे." वर्गात त्या, मी आणि वयनी, तिघीच. आम्ही जवळजवळ बसलो होतो, माझ्या कोपराला तिचं कोपर लागत होतं. बाईंच्या हातात मास्तरांनी दिलेली यादी होती. मास्तरांनी आम्हा दोघींच्या नावापुढे बाबांचंच नाव घातलं होतं, एकीपुढे मुलगी, दुसरीपुढे सून. भावाचं नाव त्या कागदावर कुठे नव्हतं.

आधी मला विचारलं. मी वाचलं, दोन ठिकाणी अडखळले. सामान्यनामं पाच, विशेषनामं पाच सांग म्हणाल्या. सांगितली. चांगली म्हणून नाही, बरी म्हणून त्यांनी मान हलवली. मग वयनीला मराठी वाचायला दिलं, ती पाण्यासारखी वाचत गेली. गणित घातलं, तिनं तोंडी सोडवलं. बाईंच्या चष्म्याआडचे डोळे मोठे झाले. मला ते दिसत होतं. ओसरीवर बाबांचा चेहरा खुलला होता तसाच हा चेहरा खुलायला लागला होता. आणि मग बाईंनी टेबलावरचं रीडर उघडून तिच्यापुढे सरकवलं.

"दिस इज," वयनीनं वाचलं आणि थांबली.

मी गप्प बसले.

"पुढे?"

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "दिस इज बॉय. बॉय हॅज अ काऊ."

"बॉय? तिथे बॉय लिहिलंय?" बाई वाकून पाहू लागल्या. "नीट बघ. मोठं अक्षर आहे ना पहिलं? मग ते काय?"

"प्रॉपर नाऊन जी."

"मग ते वाच."

वयनीचं कोपर माझ्या कोपराला लागलं. अगदी हलकं. दवाखान्यात लागलं होतं तसं. मला एक शब्द बोलायचा होता. भावाचं नाव म्हटलं असतं तर बाईंना सारं कळलं असतं. त्याही बाईच होत्या, त्यांच्याकडेही हे चालतच असेल. आणि तिनं स्वतः का नाही सांगितलं म्हणाल, तर ती कशी सांगणार? हे नाव माझ्या नवऱ्याचं आहे असं परक्या बाईसमोर बोट दाखवून म्हणायचं म्हणजे ते घेतल्यासारखंच. ते बाजूच्यानं सांगायचं असतं. बाजूला मी होते.

मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. नखात माती होती. कोपर पुन्हा एकदा लागलं. मी माझा हात काढून मांडीवर घेतला.

"नुसतं नाव वाचायचं आहे गं," बाई म्हणाल्या. आवाजातली माया आता कमी झाली होती. "जे वाचता येत नाही ते गाळून दुसरं काहीतरी ठोकून द्यायचं, ही सवय मास्तरणीला चालायची नाही. ठीक आहे. बस."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. माझ्या पोटातलं दुखणं त्या क्षणी थांबलं. कित्येक महिन्यांनी थांबलं. मला हलकं वाटलं, सुख वाटलं, हे मी लपवत नाही.

बाहेर बाबा आणि मास्तर उभे होते. "सूनबाई, कसं काय?" बाबांनी थेट तिलाच विचारलं. ती पदर सावरत माझ्याआड उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "चुकली जी." एवढंच. मास्तर चकित झाले, पण सुनेला पुढे काय विचारणार? घरी जाताना ती माझ्यापुढे चालत होती. तिनं मला काही विचारलं नाही, आणि मी त्याबद्दल मनातून देवाचे आभार मानले.

पंधरा दिवसांनी चांद्याचं पत्र आलं. मला बोलावलं होतं. वडशाहून छोट्या रेलगाडीनं मी चांद्याला गेले. पेटी वयनीनंच भरून दिली, चिवड्याची पुरचुंडी वरच ठेवली, लागलीच सापडावी म्हणून.

चांद्याच्या शाळेत मी बरी चालले. हुशारांत गणली जाऊ लागले. ओसरीवर व्हायचं तसं कौतुक पुन्हा माझ्या वाट्याला आलं आणि माझा जीव भांड्यात पडला. थंडीत एका सकाळी मोठ्या बाई आमचा वाचनाचा तास घेत होत्या. सिरोंच्याकडची एक बाई वाचायला उभी राहिली, लग्न झालेली, दोन लेकरं आजीकडे टाकून आलेली. वाचता वाचता एका गावाच्या नावाशी ती थांबली. तिच्या सासऱ्याचं नाव त्या गावाच्या नावात होतं. बाईंनी मान वर करायच्या आत तिच्या बाजूला बसलेलीनं ते नाव म्हणून टाकलं, पुस्तकातून डोळेही न काढता, आणि ती बाई पुढे वाचू लागली. कोणाला त्यात काही वाटलं नाही. बाईंनाही नाही. मी मात्र कोपर अंगाशी ओढून घेतलं.

तास संपल्यावर मी मोठ्या बाईंच्या मागे गेले. उन्हात उभं राहून सारं सांगितलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"तू तिच्या शेजारीच बसली होतीस ना?"

"हो."

"आणि तुला ठाऊक होतं."

"हो."

त्या मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "जूनमध्ये नवा वर्ग भरेल. तिला लिही, जागा मी धरून ठेवते. परीक्षा नको."

मी पत्र लिहिलं. आता खरं सांगायचं तर मला पश्चात्ताप झाला होता, पण तो काही फार धुतलेला नव्हता. माझी जागा पक्की झाली होती, मग उदार व्हायला माझं काय जात होतं? आणि ती आली असती तर माझ्याखालच्या वर्गात आली असती. तिनं मला वाट विचारली असती, पुस्तकं मागितली असती. हे सारं मी लिहिताना डोळ्यांपुढे आणलं होतं, आणि मला ते गोड लागलं होतं. नाव का सांगितलं नाही, ते मात्र पत्रात लिहिलं नाही. लिहिलं, 'तेव्हा गैरसमज झाला.'

उत्तर यायला महिना लागला. वयनीचंच अक्षर.

'बाईस सप्रेम नमस्कार. इथी सारे खुशाल. तुमच्या बाईंनी मले बोलावलं, वाचून लय बरं वाटलं. पण आता माझ्यानं येणं होत नाई. मले चौथा महिना लागला आहे. सासूबाईचे गुडघे दुखतात, रोवणीले माणूस नाई. आता जागा असली काय अन् नसली काय. तुम्ही लिहिलं का गैरसमज झाला मनून. बाई, गैरसमज नाई झाला. मी दोन डाव कोपर लावलं, तुम्ही हात काढून घेतला. मले तेव्हाच समजलं. मी घरी कोणाले सांगितलं नाई, पुढंबी नाई सांगणार. तुम्ही नीट शिका. बाबांले तुमची आठवण येते.'

पाकिटाच्या मागे तिनं पाठवणाऱ्याचं नाव इंग्रजीत घातलं होतं. तिचं, त्यापुढे माझ्या भावाचं, जे तोंडानं घ्यायचं नसतं पण लिहिलेलं चालतं, मग आडनाव, गाव, पोस्ट, जिल्हा.

मी खोलीत कोणी नाही असं पाहून पत्र पुन्हा वाचलं. रडू आलं, खूप आलं, पण ते नंतर. आधी मी पाकीट उलटं करून उजेडात धरलं आणि एकेका शब्दाच्या पहिल्या अक्षरावरून बोट फिरवत तिची चूक शोधत राहिले.